मेलेलं ग्राफिक्स कार्ड: संशयित कपॅसिटर शोधायचा कसा, नुसता काढायचा की बदलायचा?

कार्ड लावलं की पीसी चालूच होत नाही, काढलं की लगेच होतो. असं असेल तर 12 व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट असल्याचा संशय आधी घ्यावा. पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. फुगलेला कपॅसिटर शोधायची सवय आपल्याला जुन्या मदरबोर्डांनी लावली. आजच्या कार्डांवर मात्र दोषी बऱ्याचदा एखादा सिरॅमिक कपॅसिटर असतो: तपकिरी, काहीही न छापलेला बारीक ठोकळा. कार्ड वाकलं की त्याला आतून तडा जातो आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका.

मल्टिमीटर की व्होल्टेज इंजेक्शन?

मल्टिमीटरने सुरुवात करायला पर्याय नाही. कार्ड पीसीतून बाहेर काढून 12 व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मोजा. ठीक असलेल्या कार्डावर तो सहसा शेकड्यांत किंवा हजारांत ओहम येतो. एक-दोन ओहम आला तर शॉर्ट आहे. पण मीटरच्या कंटिन्युइटी मोडमधल्या बीपच्या भरवशावर राहू नका. मोठ्या चिपला वीज देणाऱ्या कोअर लाइनचा रोध मुळातच एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे तिथे चांगलं कार्डही बीप देतं. मी एकदा त्या बीपवर विश्वास ठेवून कोअरजवळचे चार चांगले कपॅसिटर उपटले होते. दोष 12 व्होल्टच्या बाजूला होता.

मीटरची मर्यादा एकच, पण मोठी. एका लाइनवरचे सगळे कपॅसिटर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक शॉर्ट असला की सगळ्यांवर तोच आकडा दिसतो. लाइन कळते, गुन्हेगार कळत नाही.

तो व्होल्टेज इंजेक्शनने कळतो, म्हणजे शॉर्ट लाइनला बाहेरून थोडं व्होल्टेज देऊन कुठला भाग तापतो ते पाहिल्याने. करंट मर्यादित करता येणाऱ्या बेंच सप्लायवरून 1 व्होल्ट द्या, 1 अँपिअरपासून हळूहळू वाढवा आणि भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाका. जिथे ते आधी सुकेल तिथे शॉर्ट. थर्मल कॅमेरा असेल तर आणखी सोपं. मात्र त्याआधी एक मोजमाप चुकवू नका: 12 व्होल्ट ते ग्राउंड आणि 12 व्होल्ट ते कोअरची कॉइल, हे दोन्ही रोध. दोन्हींत ग्राउंडचा आकडा लहान असेल तर कपॅसिटरवर संशय घ्या. कॉइलचा लहान असेल तर वरचा मॉसफेट (12 व्होल्ट कॉइलकडे सोडणारा ट्रान्झिस्टर स्विच) शॉर्ट आहे, आणि अशा वेळी 12 व्होल्ट दिले तर ते थेट चिपमध्ये जातात. म्हणूनच इंजेक्शन 1 व्होल्टच्या वर नेऊ नये, कोअर लाइनवर तर त्याहूनही खाली.

बेंच सप्लाय नसेल तर पीसीच्या सप्लायवरून जुगाड करू नका. संशयित कपॅसिटर दोन-तीनच असतील तर एकेक काढून मोजणं बरं. फ्यूज उडाला असेल तर तारेने जोडून पुढे जाऊ नका. तो बहुधा पुढच्या शॉर्टमुळेच उडालेला असतो.

काढून सोडायचा की नवा लावायचा?

कपॅसिटर काढल्यावर रोध वर गेला, तर पुढचा निर्णय त्या कपॅसिटरच्या कामावर ठरतो. एकाच लाइनवर ओळीने आठ-दहा एकसारखे असतील तर एकाशिवाय कार्ड चालतं, आणि चाचणीसाठी मी तसंच चालवून पाहतो. पण एकटाच बसलेला कपॅसिटर वेगळा. मॉसफेट ड्रायव्हरजवळचा बूटस्ट्रॅप कपॅसिटर, साधारण 0.1 मायक्रोफॅरडचा, नसेल तर वरचा मॉसफेट नीट चालूच होत नाही. तो लावावाच लागतो. चाचणी जमली की ओळीतलाही नवा लावावा, असं माझं मत: उरलेल्यांवर रिपलचा (व्होल्टेजमधल्या वेगवान चढउताराचा) भार वाढतो आणि जड गेममध्ये तोच जाणवतो.

सिरॅमिकवर मूल्य छापलेलं नसतं. त्याच मॉडेलच्या मेलेल्या बोर्डावरून त्याच जागेचा भाग काढणं सगळ्यात खात्रीचं. नवा घ्यायचा तर आकार तोच, एक्स5आर किंवा एक्स7आर जातीचा सिरॅमिक, आणि 12 व्होल्टच्या लाइनवर 16 पेक्षा 25 व्होल्टचा बरा, कारण डीसी व्होल्टेज चढलं की सिरॅमिकची क्षमता घसरते. पॉलिमरच्या जागी साधा इलेक्ट्रोलायटिक लावू नका, त्याचा ईएसआर (आतला रोध) जास्त असतो. टँटलमवरचा पट्टा धन टोक दाखवतो, ॲल्युमिनियमच्या डब्यावरचा ऋण. उलट बसवलेला टँटलम पेट घेऊ शकतो.

काढताना एकट्या सोल्डरिंग आयर्नने झगडू नका. ग्राउंडचा तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो आणि शिशाविना असलेला सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळतो. हॉट एअर उत्तम. नाहीतर दोन आयर्न एकदम, दोन्ही टोकांना.

आणि इंजेक्शनमध्ये कपॅसिटर नव्हे, चिपच तापली, तर थांबा. ते कार्ड आता दुसऱ्या कार्डासाठी सुटे भाग काढायला ठेवा.