नळीची वाट आखताना: सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००चा नकाशा किती कामाचा?

पायथ्याच्या बेलपाडा गावातून नळीच्या वाटेने, म्हणजे एका अरुंद, खडकाळ घळीतून, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर चढायचं आणि साधले घाटाने परत बेलपाड्यातच उतरायचं, ही सह्याद्रीतल्या कठीण फेऱ्यांपैकी एक. बहुतेक गट ती कुणाच्या तरी जीपीएक्स फाइलवर, म्हणजे जीपीएसने नोंदवलेल्या वाटेवर, विसंबून करतात. त्याऐवजी भारतीय सर्वेक्षण विभागाचा ओपन सिरीज नकाशा समोर घेऊन बसावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. फेरीचा आकार, चढ, पाणी आणि सुटकेच्या वाटा ठरवायला हा नकाशा उत्तम आहे. कातळटप्पे मात्र तो दाखवत नाही, आणि या फेरीत माणूस अडतो तो तिथेच.

हे नकाशे २०१७पासून विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केल्यावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. हरिश्चंद्रगडाचं शीट ई४३बी१५, जुन्या क्रमांकाने ४७ई/१५. पण हे शीट पश्चिमेला ७३° ४५′ रेखांशावर संपतं आणि मोरोशीकडून बेलपाड्याला येणारा रस्ता त्या रेषेपलीकडे आहे. म्हणून शेजारचं ई४३बी११ही उतरवून घ्या. एकच शीट घेतलं, तर फेरीची सुरुवात कागदाबाहेर राहते.

छपाईत हमखास एक चूक होते. पूर्ण शीट साधारण ५५ बाय ५२ सेंटीमीटरचं असतं. झेरॉक्सवाला ते ‘फिट टू पेज’ करून ए४वर छापून देतो आणि प्रमाण बिघडतं. लागणारा भाग कापून घ्या, १०० टक्के आकारात ए३वर छापून घ्या आणि नकाशावरची प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजा. १ किलोमीटर बरोबर २ सेंटीमीटर भरला पाहिजे. तळाशी सर्वेक्षणाचं वर्ष दिलेलं असतं, तेही वाचा. रस्ते, वाड्या आणि धरणांची पाणपातळी त्या वर्षाची असते. डोंगर तोच असला तरी पायवाटा बदलतात.

आता समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० मीटर, दर पाचवी रेषा जाड. बेलपाड्यापासून कड्याच्या माथ्यापर्यंत सुमारे हजार मीटर चढ आहे, म्हणजे पन्नासेक रेषा. त्या वाचायला इथल्या खडकाची ओळख लागते. हा सगळा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. एकसंध, कठीण बेसॉल्टचा थर उभा कडा होऊन राहतो. सच्छिद्र, मऊ थर झिजून आडवे पदर तयार होतात. त्यामुळे रेषा एकमेकींना चिकटल्या तिथे कडा आणि मध्येच मोकळ्या झाल्या तिथे पदर, असं ढोबळमानाने समजावं. आडवी वाट बहुधा पदरावरून जाते. कोकणकड्यात रेषा इतक्या दाटतात की त्या मोजता येत नाहीत, आणि हेच बरोबर आहे: नकाशावरच्या १ मिलिमीटरमध्ये जमिनीवरचे फक्त ५० मीटर मावतात.

नकाशाची खरी मर्यादा इथेच आहे. ८-१० मीटरचा उभा कातळटप्पा २० मीटरच्या दोन रेषांमध्ये पूर्ण लपतो. नळीतले टप्पे असेच लपलेले आहेत. कागदावर नळ सरळ, सलग चढत गेलेला दिसतो. प्रत्यक्षात घराएवढे धोंडे, मध्ये दोर लावावा असे कातळटप्पे आणि माथ्याजवळ दृष्टिभय असलेली, म्हणजे बाजूला खोल दरी दिसणारी, आडवी वाट आहे. शेजारच्या घळीही नकाशावर अशाच दिसतात. त्यामुळे नुसत्या कागदावर विसंबून नळीत शिरू नये. बेलपाड्यातला माहीतगार वाटाड्या घ्यावा आणि ३० मीटरचा दोर, स्लिंग (मजबूत पट्टीचा फास), हेल्मेट सोबत ठेवावं. हेल्मेट वरून सुटणाऱ्या दगडांसाठी आहे, ते प्रत्येकाच्या डोक्यावर हवं. मोबाइलमधल्या ऑफलाइन नकाशांच्या रेषा बहुधा उपग्रहीय उंचीमापनावरून काढलेल्या असतात, त्यात कडे आणखी गुळगुळीत होतात. शिवाय नळीत दोन्ही बाजूंच्या भिंती आकाश झाकतात आणि जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो.

वेळेच्या हिशेबातही फसगत होते. ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास, हा नेहमीचा नियम नळीला लावला तर उत्तर तीन तासांच्या आसपास येतं. प्रत्यक्षात दोर लावत जाणाऱ्या गटाला आठ ते दहा तास लागतात. गट मोठा असेल तर आणखी, कारण प्रत्येक टप्प्यावर एकेकालाच चढता येतं. पहाटे निघा, माथ्यावर मुक्काम ठेवा, साधले घाट दुसऱ्या दिवशी उतरा. दिशा उलटी करू नका. कातळटप्पे उतरणं चढण्यापेक्षा अवघड, आणि थकलेल्या पायांना साधले घाटाची मळलेली वाटच बरी.

पाण्यासाठी नकाशातले रंग बघा. निळी रेघ म्हणजे पाणी, काळी रेघ म्हणजे कोरडा पडणारा ओढा. नळीत पाण्याचा भरवसा नाही, माणशी चार ते पाच लिटर पायथ्यापासूनच न्यावं. वर मंदिराजवळ टाकी आहेत. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नळ म्हणजे धबधबाच, तेव्हा या वाटेचा विचारही नको.

सुटकेच्या वाटा ठरवताना मात्र हा कागद पैसे देऊन घ्यावा इतका मोलाचा आहे. माथ्यावर कुणी जायबंदी झालं, तर पाचनई गाव सगळ्यात जवळ, दोनेक तासांची उतराई. पण गाडी बेलपाड्यात असेल तर पाचनईहून रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. चालता येत असेल तर तोलार खिंडीतून खिरेश्वर गावाची वाट घ्या. ती वाट लांब आहे, पण खुबी फाट्याला कल्याण–नगर महामार्ग मिळतो आणि माळशेज घाट उतरलं की त्याच रस्त्यावर मोरोशी. दोन्ही वाटा निघण्याआधीच कागदावर पेन्सिलीने आखून ठेवा.

जुनं ४७ई/१५ शीट कुणाकडे असेल तर एक खबरदारी घ्या. ते अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या एव्हरेस्ट मापपद्धतीवर आहे, नवं जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस-८४वर. जुन्या शीटवरून काढलेले अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकले, तर जागा शे-सव्वाशे मीटरने सरकते. पठारावर तेवढं चालून जाईल. नळीच्या तोंडाशी तेवढ्यात शेजारच्या घळीत शिरायला होतं.