अ‍ॅपलाचियाचा काउंटी-नकाशा : गरिबीबद्दल भरवशाचा, मतदानाबद्दल अपुरा

अमेरिकेतील निवडणुकीचे निकाल लागले की मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर एक विधान हमखास केले जाते : डोंगराळ भागातील गरीब गोऱ्या मतदारांनी निकाल फिरवला. हे विधान ज्यांना पडताळून पाहायचे आहे, त्यांना अ‍ॅपलाचियन रीजनल कमिशन या सरकारी आयोगाच्या संकेतस्थळावर जावेच लागते. अ‍ॅपलाचिया या अमेरिकेच्या पूर्व भागातील पर्वतरांगेतील प्रत्येक काउंटीची (म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाची) आर्थिक स्थिती दाखवणारा नकाशा आणि त्यामागील आकडेवारीचे तक्ते हा आयोग दरवर्षी प्रसिद्ध करतो. सेवा मोफत आहे, आणि मागील अनेक वर्षांचे नकाशेही तेथे जपून ठेवलेले आहेत. अमेरिकी राजकारणावर लिहिताना मी ही सेवा नेमाने वापरतो. गरिबी समजून घेण्यासाठी इतके नेटके साधन क्वचितच मिळते. मात्र मतदान समजून घेण्यासाठी ती जशीच्या तशी वापरली, तर अभ्यासकाची फसगत होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १९६५ मध्ये, कायदा करून हा आयोग स्थापन झाला. त्याच्या आधीच्या वर्षी जॉन्सन यांनी पूर्व केंटकीतील मार्टिन काउंटीला भेट देऊन दारिद्र्याविरुद्धच्या आपल्या मोहिमेकडे देशाचे लक्ष वेधले होते. आज आयोगाच्या कार्यक्षेत्रात न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या ईशान्य भागापर्यंत १३ राज्यांतील ४२३ काउंट्या येतात; पश्चिम व्हर्जिनिया हे एकच राज्य संपूर्णपणे त्यात आहे. प्रत्येक काउंटीचा तीन वर्षांचा सरासरी बेरोजगारी दर, दरडोई बाजार-उत्पन्न (सरकारी हस्तांतरणे वगळून उरणारे उत्पन्न) आणि दारिद्र्याचे प्रमाण यांची राष्ट्रीय सरासरीशी तुलना करून एक निर्देशांक काढला जातो. देशातील सर्व काउंट्यांच्या उतरंडीत जी काउंटी तळाच्या १० टक्क्यांत येते ती ‘संकटग्रस्त’, त्यावरच्या १५ टक्क्यांतील ‘जोखमीची’, मधल्या मोठ्या गटातील ‘संक्रमणशील’, आणि वरच्या टोकाला ‘स्पर्धाक्षम’ व ‘संपन्न’ असे पाच दर्जे आहेत.

हे दर्जे निव्वळ माहितीसाठी नाहीत, आणि या सेवेचे खरे महत्त्व त्यातच आहे. संकटग्रस्त काउंटीतील प्रकल्पाला आयोग सर्वसाधारणपणे खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ शकतो, जोखमीच्या काउंटीला ७०, संक्रमणशील काउंटीला ५०, तर स्पर्धाक्षम काउंटीला ३० टक्क्यांपर्यंत. संपन्न काउंटीला सहसा काहीच मिळत नाही. म्हणजे एखाद्या संकटग्रस्त काउंटीचा दर्जा एका पायरीने सुधारला की तिच्या नळपाणी योजनेसाठी उभा करावयाचा स्थानिक वाटा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर जातो. ज्या गावांचा करभरणा कोळशाच्या खाणींबरोबरच आटला, त्यांच्यासाठी हा फरक योजना होणे आणि न होणे यांतला फरक असतो. नकाशातील रंगबदलामागे असा व्यवहार उभा आहे हे मनात ठेवून तो पाहिला पाहिजे.

नकाशा उघडल्यावर पहिली नजर जाते ती पूर्व केंटकीतील लाल पट्ट्याकडे. संकटग्रस्त काउंट्यांचा सर्वांत दाट पुंजका तेथेच आहे, आणि तो पश्चिम व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेला आहे. त्या टोकावरील मॅकडॉवेल काउंटी मी नेहमी आधी तपासतो. १९५० च्या सुमारास या काउंटीची लोकसंख्या लाखाच्या घरात होती. २०२० च्या जनगणनेत ती २० हजारांच्याही खाली आली. १९६१ मध्ये नव्याने सुरू झालेल्या अन्न-कुपन योजनेतील देशातील पहिली कुपने याच काउंटीतील वेल्च या गावी वाटली गेली. मधल्या काळात खाणींत यंत्रे आली, माणसांची गरज संपली, तरुण बाहेर पडले. वर्षानुवर्षांचे नकाशे ओळीने लावून पाहिले तरी मॅकडॉवेलचा लाल रंग जात नाही. आयोगाच्या स्थापनेपासून या प्रदेशातील दारिद्र्याचे प्रमाण ढोबळमानाने निम्म्यावर आले असतानाही हा गाभा मागे राहिला. हे वास्तव एखाद्या दीर्घ लेखापेक्षा हे नकाशे अधिक लवकर पटवून देतात.

निर्देशांकाच्या रचनेत मात्र दोन उणिवा आहेत. बेरोजगारी दरात केवळ काम शोधणारे लोक मोजले जातात. खाणीतल्या धुळीने फुफ्फुसे निकामी झालेला, पाठीच्या दुखापतीमुळे अपंगत्व-निवृत्तिवेतनावर असलेला किंवा काम मिळण्याची आशाच सोडून दिलेला माणूस त्या आकड्यात दिसत नाही. मॅकडॉवेलसारख्या काउंटीत प्रौढांपैकी निम्म्याहूनही कमी लोक काम करतात किंवा काम शोधतात. अशा ठिकाणी बेरोजगारीचा दर घसरला तरी ती सुधारणा असेलच असे नाही. दुसरी उणीव विलंबाची. दारिद्र्याचे आकडे पाच वर्षांच्या सर्वेक्षणावर आधारलेले असल्यामुळे नकाशा नेहमीच काही वर्षे मागची स्थिती दाखवतो. त्याउलट, दरडोई उत्पन्नातून सामाजिक सुरक्षेसारखी सरकारी हस्तांतरणे वगळण्याचा आयोगाचा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो, कारण स्थानिक अर्थव्यवस्था स्वतःच्या बळावर किती कमावते हे त्यामुळेच कळते.

काउंटीच्या सरासरीत दडून जाणारी गरिबी टिपण्याची सोयही येथे आहे. ज्या काउंट्या एकंदरीत जोखमीच्या किंवा संक्रमणशील आहेत, त्यांच्यातील जनगणना-विभाग स्वतंत्रपणे तपासले जातात. जेथे कुटुंबांचे मध्यक उत्पन्न (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे असतात ते) राष्ट्रीय पातळीच्या ६७ टक्क्यांहून अधिक नाही आणि दारिद्र्याचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या किमान दीडपट आहे, ते विभाग संकटग्रस्त ठरवून वेगळ्या नकाशावर दाखवले जातात. हा दुसरा नकाशा पुष्कळ जण उघडतच नाहीत. त्यांनी तो जरूर उघडावा.

आता सीमेविषयी. या नकाशाची बाह्यरेषा भूगोलाने आखलेली नाही. न्यूयॉर्कच्या दक्षिणेकडील काउंट्या या प्रदेशात आल्या त्या सिनेटर रॉबर्ट केनेडी यांच्या आग्रहामुळे, आणि मिसिसिपीचा समावेश १९६७ मध्ये झाला, जेव्हा त्यातील काही काउंट्यांत डोंगर औषधालाही सापडत नव्हता. उलट व्हर्जिनियातील रोनोक शहर डोंगरांनी वेढलेले असूनही सीमेबाहेर आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनातील आणखी ३ काउंट्या जोडल्या, तेव्हा ४२० चा आकडा ४२३ झाला. निधी मिळतो म्हणून लोकप्रतिनिधी आपली काउंटी आत आणण्यासाठी झटतात, यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे ‘अ‍ॅपलाचियाची सरासरी’ ही संख्या फार जपून वापरावी लागते. पिट्सबर्ग शहर याच प्रदेशात मोडते. अटलांटाच्या उत्तरेची फोरसाइथ काउंटी, जिथे गेल्या दोन दशकांत भारतीय कुटुंबांची आणि त्यांच्याबरोबर मराठी घरांचीही मोठी वस्ती झाली आहे, तीही याच नकाशावर ‘संपन्न’ दर्जाच्या गडद निळ्या रंगात आहे. तिथले कौटुंबिक मध्यक उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा अधिक आहे. फोरसाइथ आणि मॅकडॉवेल यांची एकत्र सरासरी काढून जो आकडा येतो, तो दोन्हींपैकी एकाही काउंटीबद्दल काही सांगत नाही.

मतदानाची आकडेवारी हा आयोग देत नाही, आणि ते त्याचे कामही नाही. तरीही दर निवडणुकीनंतर असंख्य लेखक या नकाशावर निकाल ठेवून निष्कर्ष काढतात, म्हणून या सेवेच्या परीक्षणात तो विषय टाळता येत नाही. पहिला घोटाळा रंगांचा आहे. अमेरिकेत लाल रंग रिपब्लिकन पक्षाचा आणि निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा मानला जातो. या नकाशात लाल म्हणजे संकट आणि निळा म्हणजे सुबत्ता. दोन नकाशे शेजारी ठेवले की घाईत पाहणाऱ्याला ते एकमेकांचे पुरावे वाटू लागतात. आयोगाने रंगसंगती बदलावी, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

त्याहून गंभीर बाब अशी की गरिबीच्या एकाच दर्जातील काउंट्या पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या पक्षांना मते देत आल्या आहेत. केंटकीतील जॅक्सन काउंटी १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धापासून रिपब्लिकन राहिली, कारण त्या डोंगरांतील लोकांनी गुलामगिरीच्या बाजूने फुटून निघण्याऐवजी संघराज्याची, म्हणजे तेव्हाच्या रिपब्लिकन सरकारची, बाजू घेतली होती. पूर्व टेनेसीने १८६१ च्या सार्वमतात संघराज्यातून फुटण्याविरुद्ध कौल दिला, आणि नॉक्सव्हिल परिसर १९ व्या शतकापासून प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन सदस्य पाठवत आला आहे. त्याच केंटकीतील एलियट काउंटी १८६९ मध्ये स्थापन झाल्यापासून २०१२ पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या पाठीशी उभी राहिली. २०१६ मध्ये मात्र तिने डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ७० टक्के मते दिली. एलियट २०१२ मध्येही गरीबच होती. चार वर्षांत तिचे दारिद्र्य बदलले नव्हते, बदलले होते ते राजकारण.

मॅकडॉवेलचेही तसेच. २००८ मध्ये बराक ओबामा तेथे जिंकले, २०१२ मध्ये हरले, आणि २०१६ मध्ये जवळपास तीन चतुर्थांश मते ट्रम्प यांना मिळाली. पश्चिम व्हर्जिनियाने १९८८ च्या रिपब्लिकन लाटेतही डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस यांना साथ दिली होती. खाण कामगारांची संघटना तेव्हा गावागावांत जिवंत होती. वेतन, आरोग्यसेवा, निवृत्तिवेतन आणि मत या सगळ्यांचा धागा संघटनेच्या कार्यालयातून जात असे. खाणींतील रोजगार घटत गेला तशी संघटना विरली. त्याच सुमारास कोळसा आणि पर्यावरण हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर दोन पक्षांत विभागला गेला, आणि २००० मध्ये हे राज्य रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्याकडे झुकले ते परतले नाही. वंश आणि धर्म यांचा प्रभावही होताच. हे सारे कोणत्याही निर्देशांकात मावणारे नाही.

नकाशाच्या दक्षिण टोकाकडे पाहिले की ‘गरीब काउंटी म्हणजे रिपब्लिकन काउंटी’ हे समीकरण पूर्णच कोसळते. अलाबामातील मेकन आणि मिसिसिपीतील नॉक्सुबी या कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या काउंट्याही याच प्रदेशात आहेत, त्यांची गरिबीही तितकीच जुनी आहे, आणि त्या प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मते देतात. मराठी विश्लेषणांत त्यांचा उल्लेखही नसतो, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक सावधगिरी. काउंटी गरीब आहे म्हणून तिथली मते गरिबांनीच दिली असे ठरत नाही. अमेरिकेत अल्प उत्पन्न गटाचे मतदान कमी होते, आणि पश्चिम व्हर्जिनिया मतदानाच्या टक्केवारीत देशात तळाच्या राज्यांमध्ये असतो. संकटग्रस्त काउंटीत जे मतदान केंद्रापर्यंत जातात त्यांत शिक्षक, किरकोळ व्यापारी, निवृत्त खाण कामगार आणि सरकारी नोकर यांचा वाटा मोठा असू शकतो. ज्याच्या गरिबीमुळे काउंटी आयोगाच्या नकाशात लाल झाली तो माणूस कित्येकदा मतदारांच्या रांगेत नसतोच.

आपल्याकडे अशा सेवेची तीव्र गरज आहे. महाराष्ट्रात डोंगरी विकास कार्यक्रमासाठी तालुक्यांची पूर्ण गट आणि उपगट अशी विभागणी आहे, आणि त्या यादीत आपला तालुका यावा यासाठी येथेही प्रयत्न होतात. पण त्या तालुक्यांची आर्थिक स्थिती दरवर्षी एकाच सूत्राने मोजून, मागील वर्षांच्या तुलनेसह, नागरिकांसमोर नकाशावर मांडणारी सोय नाही. नंदुरबार जिल्ह्याची सरासरी पाहून सातपुड्यातील अक्राणी आणि तापीकाठचे शहादा यांतील अंतर समजत नाही. ते समजण्यासाठी अ‍ॅपलाचियातील जनगणना-विभागांच्या नकाशासारखे साधन हवे.

पत्रकार, अर्थशास्त्र व भूगोलाचे विद्यार्थी आणि अमेरिकेत राहून स्थानिक राजकारणात रस घेणारे मराठी वाचक यांना मी ही सेवा आग्रहाने सुचवतो. त्यांनी नुसता नकाशा न पाहता तक्ते उतरवून घ्यावेत, प्रदेशाच्या एकत्रित सरासरीऐवजी आयोगाने पाडलेले पाच उपप्रदेश वापरावेत, आणि मतदानाचे आकडे त्या त्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडून, किमान १९८८ पासूनचे, घ्यावेत. आयोगाकडे माझ्या दोन सूचना आहेत : काउंटीच्या तक्त्यात श्रमशक्तीतील सहभागाचा स्तंभ बेरोजगारीच्या शेजारी छापावा, आणि कोणती काउंटी कोणत्या वर्षी कार्यक्षेत्रात आली हे प्रत्येक नकाशाच्या तळाशी नोंदवावे.