रिकम्बंट शिकायची: दोन चाकांची की तीन चाकांची?

पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची ही सायकल शिकताना माझी पसंती दोन चाकांना.

तीनचाकीत तोल सांभाळावाच लागत नाही. बसलात की निघालात. चढावर मंद वेगातही ती पडत नाही, सिग्नलला पाय टेकावे लागत नाहीत. नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिराकडे मनातल्या मनात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत जायला उत्तमच. मात्र बैठक फार खाली, म्हणून द्वारका चौकाच्या गर्दीत ट्रकवाल्यांना दिसावी यासाठी मागे उंच झेंडा हवाच.

दोनचाकीचं शिक्षण वेगळं. साध्या सायकलवर आपण अंग हलवून तोल सावरतो. इथे पाठ आसनाला टेकलेली, त्यामुळे जवळजवळ सारं काम हँडलवर. हलका गिअर, एक पाय वरच्या पेडलवर, पहिला दाब जोरात आणि लगेच दुसरा पायही वर. हँडल आवळून धरलं की सायकल वळवळते, खांदे सैल सोडले की सरळ धावते. माझ्या प्रार्थनेचंही असंच आहे. प्रभूवर भार टाकताना पेडल मारणं थांबवायचं नसतं, फक्त पकड सोडायची असते. तीनचाकीवर हे मला उमगलं नसतं.

आणि वेग? १९३३ मध्ये फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोर यांनी रिकम्बंटवर एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापलं. पुढच्याच वर्षी यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ही सायकल शर्यतींतून बाद केली!

तोल जाण्याचा त्रास असेल, तर तीनचाकीच घ्या. बाकीच्यांनी भल्या पहाटे, गंगापूर रोड मोकळा असताना दोनचाकीवर बसावं.