सांडपाण्यासाठी जलपर्णी की कर्दळ?

गावाचं सांडपाणी ओढ्यात सोडण्याआधी वनस्पतींकडून साफ करून घ्यायचं म्हटलं, की ही दोन नावं हमखास पुढे येतात.

जलपर्णी फुकट मिळते आणि कामही झपाट्याने करते. पाण्यात लोंबणारी तिची दाट मुळं नायट्रोजन, फॉस्फरस शोषतातच, शिवाय शिसं, कॅडमियमसारखे जड धातूही ओढून घेतात. अडचण पुढे आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती घाण पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. वेळच्या वेळी काढली नाही तर जागीच कुजते, शोषलेलं पाण्याला परत देते आणि पाण्यातला ऑक्सिजनही संपवते. पवना, इंद्रायणी, उजनीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या डासांचा त्रास तेच सोसतात.

कर्दळ खडीच्या वाफ्यात लावतात. टाकीत निवळलेलं पाणी खडीतून सावकाश वाहतं. खरं काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. पाणी उघडं राहत नाही, म्हणून वास आणि डास दोन्ही कमी. जागा मात्र माणशी एक-दोन चौरस मीटर लागते, आणि गाळ आत गेला तर खडी चोंदते.

घरगुती सांडपाण्यासाठी माझं मत ठामपणे कर्दळीला. जलपर्णी फक्त बंदिस्त तळ्यात, तीही नियमित काढायला माणसं असतील तरच. पाण्यात कारखान्याचे धातू मिसळत असतील, तर दोन्हींचा पाला जनावरांना घालू नका, खताच्या खड्ड्यातही टाकू नका.