अडकलेली सॅडल 'बदलून' देणाऱ्यापासून सावध राहा

छत्रपती संभाजीनगरातील एका गिटार दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने जुन्या गिटारची सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बदलण्याचे १,८०० रुपये घेतले आणि ती बदललीच नाही. मराठवाड्यात अशी कामे करणारे मोजकेच असल्यामुळे जालना, बीड, परभणीकडची मंडळी गिटार घेऊन याच शहरात येतात. त्यांच्यासाठी हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

गिटार माझ्या मोठ्या भावाची आहे, कोलकात्यात बनलेली आणि बरीच जुनी. ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्याच्या, खाचेत बसणारी आणि तारांचा भार पेलणारी ही पांढरी सॅडल तारांनी झिजली होती; शिवाय पूर्वी कोणीतरी ती गोंदाने पक्की केल्यामुळे जागची हलत नव्हती. दुकानदार म्हणाला, "ताई, ही काढून हाडाची बसवतो, आवाज एकदम खुलंल." पैसे त्याने आगाऊ घेतले. पावती मागितली तेव्हा "मोबाइलवर आले की पैसे, पावती कशाला?" असे म्हणून त्याने विषय टाळला, आणि गिटार परत घेताना जुनी सॅडल मागितली तर ती तुकडे होऊन निघाल्यामुळे फेकून दिली, असे उत्तर मिळाले.

काही आठवड्यांतच स्वर बिघडू लागले. मोकळी तार बरोबर लागलेली असतानाही बाराव्या फ्रेटवर (बोटे ठेवायच्या दांड्यावरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली की स्वर चढा येई, म्हणजे सॅडलवर तार जिथे टेकते ती जागा नेककडे, त्या दांड्याच्या बाजूला, सरकलेली होती. नांदेडला हार्मोनियम आणि तंतुवाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिरांनी तारा सैल केल्या, ब्रिजवर आडवा उजेड टाकला आणि मला जवळ बोलावून दाखवले: ब्रिजच्या पृष्ठभागालगत पांढऱ्या पट्टीतून केसाएवढी बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती आणि तिच्या कडेने काळपट लाकडावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाची पांढुरकी साय धरली होती. जुनी सॅडल खाचेत तशीच ठेवून, वरचा भाग कानशीने सपाट करून त्यावर दुसरी पट्टी चिकटवलेली होती. खाचेचा आधार नसल्यामुळे ती तारांच्या ओढीने पुढे सरकत होती. त्यांनी तापलेली सुई तिच्या कडेला टेकवली तेव्हा ती वितळली. हाड असे वितळत नाही.

खाचेच्या आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, या एकाच गोष्टीवर ही फसवणूक चालते. अडकलेली सॅडल काढणे वेळखाऊ असते हे खरे. ब्रिजला जपून ऊब देऊन गोंद मऊ करावा लागतो, मग पकडीने एका टोकाकडून हळूहळू वर उचलावे लागते. घाई केली तर खाचेची भिंत फुटते. गोंद विरघळवायला ॲसिटोन कोणी ओतू लागला तर त्याला थांबवावे, कारण त्याने गिटारचे पॉलिश उतरते. नांदेडच्या कारागिरांनी आमची सॅडल याच रीतीने काढली आणि निघालेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. खाचेत दडलेला भाग स्वच्छ, फिकट होता आणि त्याला वाळलेला गोंद चिकटलेला होता. ही खूण कोणालाही ओळखता येते, म्हणून जुनी सॅडल, मग ती तुकड्यांत का निघेना, परत मिळेल असे काम देतानाच लिहून घ्यावे, आणि नवी सॅडल तारा चढवण्याआधी खाचेतून काढून दाखवायला सांगावी. नीट बसवलेली सॅडल तारा नसताना बोटांनी उचलता येते.

दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला. यूपीआयची नोंद, "हाडाची बसवली" हा त्याचा संदेश आणि त्या रेघेची छायाचित्रे जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. त्याच दुकानात असे 'बदललेले' सॅडल कोणाकडे असतील, तर तारा सैल करून ती रेघ आजच पाहावी.