निळा रंग मला दिसला होता

५२,५०० डॉलर. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना 'किती गेले असतील बरं' हे डोक्यात राहायला नको. शिवाय ट्रेलरवरून गाडी आणायचे ९५०. एवढ्या पैशांत मी १९६५ ची पाँटियाक जीटीओ घेतली, असं समजत होतो. घेतली ती ले मान्स, म्हणजे पाँटियाकचीच साधी, स्वस्तातली गाडी, जीटीओचे बिल्ले लावलेली.

हसायचं तर हसून घ्या. मंडळातल्या लोकांचं हसून झालंय. मी डेट्रॉइटजवळ अकरा वर्षं राहतो, गाड्यांच्याच कंपनीत ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो, दर ऑगस्टला वुडवर्ड अव्हेन्यूवर खुर्ची टाकून जुन्या गाड्या बघत बसतो. अगदीच अडाणी नव्हतो, एवढं तरी मान्य करा.

साधी गाडी भारीच्या वेशात विकतात हे मलाही ठाऊक होतं. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, २४२ ने सुरू होतो, हे पाठ होतं. या गाडीचा २३७ ने सुरू होत होता, आणि मी तसं विचारलंही. विकणारा साठीचा, शेजारच्या राज्यातला, बोलायला गोड. म्हणाला, '६४-६५ ला जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच, ले मान्सवरचं ऑप्शन होतं. आणि हे शंभर टक्के खरं आहे! जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता, मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाकचा इंजिनिअर डिलोरियन आणि मंडळींनी ३८९ चं इंजिन १९६४ ला 'ऑप्शन' म्हणून आत घुसवलं. म्हणून '६५ ची खरी जीटीओ आणि साधी ले मान्स, दोन्ही २३७. ठक खोटं बोलला तर पकडता येतो. हा खरं बोलून फसवत होता.

खात्री होते ती कारखान्याच्या कागदानेच. पाँटियाकच्या जुन्या नोंदी पीएचएसकडे (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) आहेत. व्हीआयएन कळवला की शंभरेक डॉलरमध्ये गाडीचं मूळ बिल येतं. याच्याकडे ते तयारच होतं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. झेरॉक्स. इंजिन ३८९, चार गिअर, रंग मोंटेरो रेड. मी फोनवर पीएचएसचं पान उघडलेलं होतं. "कशाला पैसे घालवतोस, हा काय कागद," तो म्हणाला. मी पान बंद केलं. साडेबावन्न हजार मोजायला निघालेला माणूस शंभर डॉलर वाचवत होता. (पुण्याचा आहे, काय करू.)

आता ती गोष्ट, जी रात्री दोनला आठवते. ग्लोव्ह बॉक्सचा पुठ्ठा एका बाजूने सुटला होता. मी आत टॉर्च मारला. पत्र्यावर निळा रंग. विटलेला, पण निळा. विचारलं, तर म्हणाला, "रिस्टोअर करताना रंग बदलला. लाल जास्त खपतो." आणि मी मान डोलावली. अरे माणसा! हातातला कागद सांगतोय की गाडी कारखान्यातूनच लाल आली. मग खाली निळा आला कुठून? डाव्या हातात कागद, उजव्या हातात टॉर्च, आणि मधल्या डोक्यात काही नाही. मागच्या चाकापाशी फ्रिजवरचं अष्टविनायकाचं मॅग्नेट लावून पाहिलं, तर गणपती घसरून खाली आला. पत्र्यावर जाड पुट्टी. तेही सोडून देतो, जुन्या गाडीत पुट्टी असायचीच. पण निळा?

किमतीचं म्हणाल तर दोन कागदांनी मला गुंडाळलं. एक, ५८,००० चं व्हॅल्युएशन: विम्यासाठी, त्यानेच पैसे देऊन, तीन वर्षांपूर्वी, नुसत्या फोटोंवरून करून घेतलेलं. दुसरं, रिस्टोरेशनच्या पावत्यांची फाइल, बेरीज ६१,०००. ओतलेला पैसा म्हणजे किंमत नव्हे हो! ले मान्सवर लाख ओता, ती ले मान्सच राहते. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टीच्या दरपत्रकात १ ते ४ असे दर्जे असतात, १ सगळ्यात चांगला. मी जीटीओचा २ नंबरचा दर धरून 'स्वस्तात मिळतेय' म्हणत होतो. नंतर मी बोलावलेल्या माणसाने ३ नंबर दिला, तोही क्लोन, म्हणजे भारी गाडीची नक्कल, म्हणून. २७,०००. त्याची फी ४५०. तीच फी आधी दिली असती तर... हे वाक्य हिने मला अजून पूर्ण करू दिलेलं नाही.

खरा कागद मागवला आठ महिन्यांनी, एका मेळाव्यात कुणीतरी इंजिनवरचा कोड वाचून नुसतं "हं" म्हणाला तेव्हा. ३२६ चं इंजिन, दोन गिअरचं ऑटोमॅटिक. रंग निळा.

पोलिस म्हणाले, हे दिवाणी आहे. मी म्हटलं, खोटा दस्तऐवज आहे. "तो त्यानेच बनवला कशावरून?" त्याच्या राज्यात फोन केला तर तुम्ही राहता तिथे तक्रार करा, इथे केली तर व्यवहार झाला तिथे करा. ग्राहक खात्याने भलामोठा फॉर्म भरून घेतला आणि सहा आठवड्यांनी कळवलं की विकणारा डीलर नाही, खाजगी माणूस आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही. टायटलच्या, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदांच्या, खिडकीवरची बाई म्हणाली, व्हीआयएन जुळतोय, मेक पाँटियाक आहे, मग तुमची अडचण काय? अडचण! बँक म्हणाली, पैसे वायरने तुम्हीच पाठवले. वकिलाने अर्ध्या तासाचे २०० घेऊन बिल ऑफ सेलवरची, म्हणजे विक्रीच्या कागदावरची, एक ओळ दाखवली: जशी आहे तशी, कोणतीही हमी नाही. खाली सही माझी. तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागतात म्हणून आपण गावाकडे नावं ठेवतो. इथे हेलपाटे फोनवर घालायचे आणि प्रत्येक फोनच्या शेवटी 'हॅव अ नाइस डे' ऐकायचं.

कागद स्वतः मागवा, स्वतःच्या कार्डाने; झेरॉक्स हातातही घेऊ नका. '६५ च्या पाँटियाकवर व्हीआयएनची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते, तिथली वाचा. सोबत असा माणूस न्या ज्याला ती गाडी मुळीच आवडलेली नाही. शेव्हरोलेच्या गाड्यांत एसएस म्हणजे भारी प्रकार; '६६ ते '६८ ची शेव्हेल एसएस ३९६ निदान १३८ ने सुरू होऊन खरं सांगते. '६९ च्या कॅमॅरोत एसएस आहे की नाही हे व्हीआयएनवरून कळतच नाही, तिथे दुप्पट सावध राहा.

गाडी विकायला काढली आहे, २६,५०० ला. जाहिरातीत पहिलाच शब्द 'क्लोन'. आतापर्यंत तीन फोन आले. त्यातले दोघं म्हणाले, तो शब्द काढून टाका, आम्ही पन्नासला विकून देतो.