पंचवीस हजारांचं प्रसिद्धी-पॅकेज आणि पाचशे प्रतींचा कथासंग्रह

पहिला कथासंग्रह छपाईला गेल्याचं फेसबुकवर टाकलं, की थोड्याच दिवसांत लेखकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक रंगीत पीडीएफ येऊन पडते. दहा पोस्टर, तीन रील, एक प्रेस नोट, ‘पंचवीस बुक इन्फ्लुएन्सरांपर्यंत पोच’, ऑनलाइन दुकानात लिस्टिंग, झूमवर प्रकाशन, ‘बेस्टसेलर’चा सोनेरी शिक्का आणि वर एक सन्मानपत्र. सगळं मिळून 24,999 रुपये. पाठवणाऱ्यांची नावं बदलतात, पीडीएफ तीच असते. म्हणून इथे नाव कुणाचंच नाही, परीक्षण त्या पॅकेजचं आहे.

मापासाठी एक पुस्तक समोर धरू: बडोद्यातल्या छोट्या प्रकाशनाचा कथासंग्रह, लेखकाचा पहिलाच. डेमी आकार (नेहमीच्या कथा-कादंबरीचा), 160 पृष्ठं, किंमत 250, आवृत्ती 500 प्रतींची.

आधी हिशेब. दहा टक्के रॉयल्टी म्हणजे प्रतीमागे 25 रुपये. भेटीच्या आणि परीक्षणाच्या 50 प्रती वजा केल्या तर उरल्या 450. सगळी आवृत्ती संपली तरी लेखकाच्या हाती 11,250. पॅकेजचे पैसे निघायला हजार प्रती खपायला हव्यात, आणि छापल्यात पाचशे! लेखकाने स्वतः 40 टक्के सवलतीने, म्हणजे 150 ला, प्रती घेऊन ओळखीपाळखीत 200 ला विकल्या तर प्रतीमागे 50 सुटतात. तरीही अख्खी आवृत्ती पॅकेजवाल्याच्याच घशात. हा हिशेब त्याच्यापुढे मांडला की उत्तरात ‘ब्रँडिंग’ हा शब्द येतो. पाचशे प्रतींच्या पुस्तकाला ब्रँड लागत नाही. पाचशे माणसं लागतात, आणि त्यातली निम्मीअधिक नावानिशी शोधता येतात.

तरी पॅकेजमधली एकेक बाब पाहू, कारण दोन-तीन कामाच्या आहेत.

पोस्टर कामाचं, पण इथेच सगळ्यात जास्त घाण होते. ही पोस्टरं बहुतेक इंग्रजीवर हात बसलेली मुलं करतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात आणि ‘लेखिका’ वाचताच येत नाही. मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकी पद्धतीत, आणला असेल तर रफार शेजारच्या अक्षरावर घसरतो. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तर हमखास ‘र्या’ होतो. मराठी न वाचणाऱ्या डिझायनरला यातलं काही दिसत नाही, आणि लेखक स्वतःचा फोटो कसा आलाय ते बघत असतो. पैसे देण्याआधी नमुन्यादाखल एकच ओळ लावून मागा: ‘दुसऱ्या कथेतील शर्मिष्ठेची चिठ्ठी’. ती बिनचूक आली तर पुढे बोला. आणि पोस्टर दहा नकोत, दोन पुरे: एक मुखपृष्ठाचं, एक कथेतल्या चार ओळींचं. दुसऱ्यावर किंमत, पानं, प्रकाशकाचा फोन आणि क्यूआर कोड. कोडचा चौकोन छापील पत्रकावर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी कड सोडायची, आणि चकचकीत कागदावर ट्यूबलाइटखाली तो वाचला जातो का, हे दोन वेगवेगळ्या फोनवर बघायचं.

रील आणि इन्फ्लुएन्सर झटपट उरकतो. ‘पंचवीस जणांपर्यंत पोच’ म्हणजे पंचवीस जणांना पाठवलेला मेसेज. त्यातले मराठी कथा वाचणारे किती, हे विचारा आणि त्यांची आधीची पाच मराठी पुस्तकांवरची टिपणं मागा. ती मिळाली नाहीत तर ही ओळ शून्य धरायची.

‘बेस्टसेलर’चा शिक्का कसा मिळतो, हे एकदा कळलं की त्याची हौस फिटते. ऑनलाइन दुकानातली क्रमवारी त्या-त्या उपविभागातल्या ताज्या विक्रीवर ठरते आणि दिवसातून अनेकदा बदलते. आडवळणाचा उपविभाग निवडायचा, घरच्या आठ-दहा जणांनी एकाच दुपारी प्रत मागवायची, पहिला क्रमांक दिसला की स्क्रीनशॉट काढायचा. संध्याकाळी पुस्तक पुन्हा होतं तिथे. खोटं त्यात काही नाही, पण त्या आठ-दहा प्रती घरच्यांनी तशाही घेतल्याच असत्या.

लिस्टिंग मात्र हवंच. फक्त ते प्रकाशकाकडून करून घ्या आणि पुस्तकाचं नाव देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत टाकायला लावा. रोमन स्पेलिंग एकदा ठरलं की सगळीकडे तेच. एकीकडे दोन ए आणि दुसरीकडे एक, असं झालं की शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही. पीडीएफमध्ये ‘आयएसबीएन शुल्क’ अशी ओळ दिसली तर तिथूनच माघारी फिरा. भारतात हा पुस्तकाचा ओळख-क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. शिवाय क्रमांक पॅकेजवाल्याच्या नावावर असला तर नोंदीत प्रकाशक तोच ठरतो, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तो घोळ निस्तरत बसावं लागतं.

प्रेस नोटबद्दल थोडं जास्त. पॅकेजमधली प्रेस नोट दोन पानांची असते आणि तिच्यात ‘संवेदनशील’ हा शब्द चारदा येतो. रविवार पुरवणीच्या टेबलावर लागतं ते एवढंच: नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, कथा किती, त्या कुठल्या भूमीवर घडतात, आणि मुखपृष्ठाचा 300 डीपीआयचा, म्हणजे छपाईत फुटणार नाही असा, फोटो. दीडशे शब्द बास. मजकूर युनिकोडमध्ये थेट ईमेलमध्ये टाकायचा, पीडीएफ नको; तिच्यातून मजकूर उचलताना मात्रा सांडतात. आणि खरी मेख अशी की प्रेस नोटवर परीक्षण होत नाही, पुस्तकावर होतं. मराठी वृत्तपत्रं आणि मासिकं परीक्षणासाठी दोन प्रती मागतात, एक परीक्षकाला आणि एक कार्यालयाला. एकच पाठवली तर फार तर ‘साभार पोच’मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव येतं. म्हणजे वीस ठिकाणं धरली तर चाळीस प्रती. 150 च्या भावाने 6,000 रुपये. पॅकेजच्या रकमेतला पहिला खर्च हा.

या प्रती पाठवायच्या कशा? छापील पुस्तकांची जुनी स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं होतं. त्या जागी 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. सुरू झाली तेव्हाचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये ते 5 किलोला 100 रुपये, कर वेगळा. आपल्या पुस्तकाचं वजन आधीच काढता येतं. 160 पृष्ठं म्हणजे 80 कागद. 70 जीएसएमला (चौरस मीटरला 70 ग्रॅम) ते 170 ग्रॅमच्या आत, 300 जीएसएमच्या कार्डाचं मुखपृष्ठ आणखी वीसेक. एक प्रत साधारण 190 ग्रॅम, खाकी कागद आणि पुठ्ठा धरून 220. म्हणजे एकटी प्रत पहिल्या टप्प्यात आरामात बसते, दोन प्रतींचा जोड पुढच्या टप्प्यात जातो. नव्वद जीएसएमचा जाडजूड कागद घेतला की पुस्तक भारदस्त दिसतं, पण पॅकिंगसह एकटी प्रतही पावणेतीनशेच्या जवळ सरकते, आणि वरून हार्डबाउंड केलं तर पहिला टप्पा सुटलाच. छपाईआधी पुस्तकाच्याच कागदाचा डमी, म्हणजे कोरा नमुना, बांधून तराजूवर ठेवावा.

या सेवेच्या दोन अटी लेखक विसरतात. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि आत जाहिराती नकोत. प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी चालते. शेवटच्या पानावर मामांच्या दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात घेऊन छपाईचे दोन हजार वाचवले, तर पाकीट या दरात घेतलं जाईलच असं नाही. पाकीट जमिनीवरून जातं, विमानाने नाही, म्हणून वेळ लागतो. समारंभाच्या तोंडावर घाईने पाठवायच्या प्रतीसाठी हा मार्ग नव्हे. पॅकिंगमध्ये चुकतात ते कोपरे. नुसत्या बबल रॅपने ते वाचत नाहीत. पुस्तकापेक्षा दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर मोठे दोन पुठ्ठे लावले की वाचतात. एकूण शेरा: या कामाला हा मार्ग स्वस्त.

झूमवरच्या प्रकाशनाला एक तारा. बडोद्यात तर तो उलटा उद्योग. इथल्या मराठी घरांत बोलणं मराठीत, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. तिशीतली पिढी मराठी कथा उचलून वाचेलच असं नाही, पण कुणी वाचून दाखवली तर बसून ऐकते. म्हणून इथे भाषणबाजीचा सोहळा नको, अभिवाचन हवं. 2018 च्या 91 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाने शहराला मोठा मांडव दाखवला. कथासंग्रहाला दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचं चाळीस खुर्च्यांचं सभागृह पुरतं.

कथा दीड हजार शब्दांची निवडा. मिनिटाला 110 शब्दांच्या वेगाने ती चौदा मिनिटांत होते. वीस मिनिटांपलीकडे खुर्च्या कुरकुरायला लागतात. शीर्षककथाच वाचली पाहिजे असं नाही. संवाद जास्त असलेली घ्या आणि दोन आवाजांत वाचा. मजकूर 16 पॉइंटमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला, स्टेपल न मारता. पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं, नाहीतर कॉलर माइक प्रत्येक पानाचा खरखराट सभागृहभर पोचवतो. भाकरवडी आणि लिलो चेवडो वाचन संपल्यावर द्या. आधी वाटला तर कथेतल्या मृत्यूच्या प्रसंगात कुणीतरी पुडी उघडतंच.

तारीख काढताना शहराचं पंचांग बघायचं. नवरात्राचे नऊ दिवस बडोद्यात गरब्याखेरीज काहीही ठेवू नका. 14-15 जानेवारीला सगळे पतंग उडवायला गच्चीवर असतात. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, मंडळं स्वतःहून कार्यक्रम शोधत असतात. महिनाभर आधी विचारलं तर सभागृह आणि श्रोते दोन्ही आयते मिळतात. मात्र त्याच कार्यक्रमात आणखी चार पुस्तकांचं प्रकाशन नाही ना, हे विचारून घ्या.

विक्रीचं टेबल दाराशी, आणि तिथे लेखक नको. ओळखीचे लोक लेखकाच्या हातात पैसे द्यायला लाजतात आणि भेट प्रत मागायला लाजत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागणी घेताना दरवेळी तीच गडबड होते: लोक पैसे पाठवतात, स्क्रीनशॉट पाठवतात, पत्ता पाठवत नाहीत. आधी पत्ता आणि पिनकोडचा गूगल फॉर्म, त्याच्या शेवटी क्यूआर, हाच क्रम ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. पॅकेजवाल्याच्या नंबरावरून गेलेल्या ब्रॉडकास्टचं काय होत असेल, ते यावरून समजा.

सन्मानपत्राऐवजी खऱ्या पुरस्कारांचे नियम वाचा. महाराष्ट्र शासनाच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कथासंग्रहासाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे, आणि तिथे पुस्तकावर छापलेलं प्रकाशनवर्ष धरतात. डिसेंबरअखेर छापलेलं पुस्तक लोकांच्या हाती पडेपर्यंत त्याचं वर्ष संपलेलं असतं. आठ दिवस थांबून जानेवारी टाकणं शहाणपणाचं. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 35 वर्षांपर्यंतच्या लेखकांना, रक्कम 50,000. दिवाळी अंकांना कथा जून-जुलैपर्यंत जायला हवी आणि ती अप्रकाशित हवी; सप्टेंबरात संग्रहच बाजारात आला तर त्यातली कथा कोणी घेणार नाही. संग्रह दिवाळीनंतर आणला तर अंकात कथा वाचलेला वाचक तयार मिळतो.

ग्रंथालयांच्या प्रती प्रकाशकाच्या गळ्यात मारा. 1954 च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवणं त्याचंच काम आहे. मांडवीजवळच्या सयाजीरावांच्या सेंट्रल लायब्ररीत मात्र लेखकाने स्वतः जाऊन एक प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

दुकानात विक्रीसाठी प्रती ठेवताना पाचपेक्षा जास्त नको. चलनाच्या (पुस्तकं दिल्याच्या पावतीच्या) दोन प्रती करायच्या, त्यावर पुस्तकांची संख्या, सवलतीचा टक्का आणि हिशेबाची तारीख घालून सही घ्यायची. तीन महिन्यांनी जाऊन उरलेल्या मोजायच्या. कोपरे दुमडलेली प्रत परत आणायची आणि पुढच्या अभिवाचनाला वाचनप्रत म्हणून वापरायची.